भाषेची देवाणघेवाण आणि सत्राचे गणित

सत्राच्या प्रारंभी विद्यार्थ्यांचा उत्साह दांडगा असतो. वक्तृत्वस्पर्धा, नाट्यमंडळ, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या जोडीला अलीकडे काही विद्यार्थी 'भाषा-सोबती' म्हणूनही स्वेच्छेने नाव नोंदवितात. आपली भाषा दुसऱ्यास शिकवावी, त्याची आपण शिकावी आणि पैशाचा व्यवहार मुळीच असू नये, असा हा साधा उपक्रम. मात्र अंतर्गत चाचण्या व प्रकल्पांच्या मुदती जवळ आल्या की अशा जोड्या मोडू लागतात. त्या भांडणाने मोडत नाहीत. 'पुढच्या आठवड्यात पाहू' या निरुपद्रवी वाक्याने मोडतात.

या उपक्रमामागील विचार आपल्याला परका नाही. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आपुलकीने शिकावी, हा साने गुरुजींच्या आंतरभारतीचा गाभा होता. २०१५ साली घोषित झालेल्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या केंद्र सरकारच्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावण्यात आली, तीही याच हेतूने. परंतु भाषा घोषणांनी येत नाही. दोन माणसे समोरासमोर बसली म्हणजे येते.

वस्तुविनिमयाची मोठी अडचण अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. धान्यवाल्याला कापड हवे असेल, तर कापडवाल्यालाही नेमके धान्यच हवे असावे लागते. असा दुहेरी मेळ क्वचितच जुळतो, म्हणून तर पैसा आला. भाषेच्या देवाणघेवाणीत मात्र हा मेळ जुळू शकतो. पुण्यात शिकणाऱ्या ओडिया विद्यार्थ्याला 'ळ' शिकवावा लागत नाही; तो वर्ण त्याच्या भाषेत आहेच. तो अडखळतो 'आला, आली, आले' यापाशी, कारण ओडिया क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. ही अडचण व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा समवयस्क सोबती अधिक सहज दूर करतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. आठवड्याला दोन तास, त्यांतील एक तास एका भाषेसाठी व एक दुसऱ्या भाषेसाठी, असे धरल्यास १५ आठवड्यांत प्रत्येक भाषेला १५ तास मिळतात. नव्या अभ्यासक्रम-रचनेत एका श्रेयांकाच्या व्याख्यानांना साधारणतः एवढेच तास असतात. आठवड्याच्या १६८ तासांत दोन तास म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. मग अडचण कोठे आहे? ती वेळेच्या वाटपात आहे. जूनमधील मोकळा तास आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीचा तास घड्याळात सारखे असले, तरी त्यांचे मोल सारखे नसते. एका कामासाठी दुसरे जे काम सोडावे लागते, तीच त्या तासाची खरी किंमत होय. सायंकाळी नोकरी करून शिकणाऱ्यास ही किंमत अधिकच पडते.

यावर उपाय साधा आहे. चार तासांचे आश्वासन देऊन एकही न पाळण्यापेक्षा एक तास कबूल करून तो पाळावा. परीक्षांचे आठवडे पहिल्याच भेटीत सांगून वगळावेत. दोन भाषांचे वेळ वेगळे ठेवावेत. अन्यथा ज्याची भाषा कच्ची, तो संकोचाने गप्प बसतो आणि विनिमय एकतर्फी होतो. न येणार असल्यास आदल्या दिवशी कळवावे. काम विनामोबदला असले, तरी समोरच्याचा वेळ फुकटचा नसतो, हे विसरून चालणार नाही. त्यानेही आपला अभ्यास बाजूला ठेवलेला असतो.

महाविद्यालयांनी या कामाला गुण द्यावेत, अशी सूचना पुढे येऊ शकेल. माझ्या मते ती घातक ठरेल. गुण आले की स्वाक्षऱ्या येतील आणि संभाषण जाईल. संस्थांनी द्यावयाचे ते एवढेच : वेळापत्रकात आठवड्याचा एक निश्चित तास आणि बसावयास एक रिकामी खोली. वसतिगृहात राहणारा आणि लोकलने दूरवरून येणारा, दोघांनाही त्यामुळे भाग घेता येईल.

घर सोडून आलेल्या मुलाला या शहरात आपले म्हणणे कोणी ऐकून घेते, हा अनुभव प्रथम अशा तासात येतो. तो तास अकस्मात बंद पडला, तर त्याचे शब्द शिकावयाचे राहतातच. शिवाय येथील माणसांच्या शब्दावरचा त्याचा विश्वासही उणावतो. सत्र संपले की गुणपत्रिका हाती येते. या विश्वासाची नोंद तीत नसते. म्हणूनच तो जपण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे.