दातांचा वारसा : रक्तातून किती, घरातून किती?

‘आमच्या घराण्यातच दात खराब. याच्या आजोबांची तर चाळिशीतच कवळी बसली होती,’ असे सांगत एखादी आई पाच वर्षांच्या मुलाला दंतवैद्याच्या खुर्चीत बसवते, तेव्हा तिचे म्हणणे अर्धे खरे असते. उरलेले अर्धे मात्र मुलाच्या दातांना महागात पडते. दोष रक्ताचाच असेल तर उपाय तरी कशाला करायचा, अशी घरच्यांची समजूत होऊन बसते.

आनुवंशिकतेचा वाटा नाकारता येत नाही. दातांचे अंकुर गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच धरू लागतात. दातांचा आकार, जबड्याची ठेवण, एखादा दात मुळातच नसणे, यांवर आई-वडिलांच्या जनुकांची छाप असते. क्वचित काही कुटुंबांत दातांवरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, पिढ्यान्‌पिढ्या सदोष तयार होते. ऐन तारुण्यात हिरड्यांखालचे हाड झिजवणारा एक विकारही भावंडांमध्ये आढळतो. तेव्हा एकाला तो झाल्यास दुसऱ्याचीही तपासणी करून घ्यावी. अमेरिकेत मिनेसोटा येथील संशोधकांनी १९८८ साली वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या बाबतीत घरे निराळी असूनही दात किडण्याच्या प्रमाणात साम्य आढळले.

परंतु कीड स्वतः जन्माबरोबर येत नाही. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा कीड लावणारा प्रमुख जंतू बाळाला बहुधा आईकडून किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून लाळेवाटे मिळतो. वरणभात गरम तर नाही ना, हे आपल्या तोंडाने पाहून तोच चमचा बाळाला देणे, ही मायेची रीत. पण आईच्या दाढा किडलेल्या असतील तर जंतूंचाही घास त्यासोबत जातो. म्हणून बाळाच्या दातांची काळजी आईच्या उपचारांपासून सुरू होते. त्यानंतर येते ती रात्री तोंडात राहिलेली गोड दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते आणि पुढचे वरचे दात सर्वांत आधी किडतात. ‘दुधाचेच आहेत, पडणारच’ असे म्हणून ते तसेच सोडले जातात.

विदर्भात या प्रश्नाला पाण्याचीही बाजू आहे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी इनॅमल घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारणतः आठव्या वर्षापर्यंत, पोटात जात राहिले तर दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी डाग येतात. बाप, काका, मुले सर्वांचे दात सारखेच डागाळलेले पाहून हे ‘खानदानी’ आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा घरात सुनेचे दात पाहावेत. फ्लोराइड नसलेल्या गावातून लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात स्वच्छ असतात, आणि तिच्याच मुलांचे डागाळलेले! दोष रक्तात नसून बोअरवेलमध्ये आहे, याचा याहून सोपा पुरावा नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुन्याच्या साहाय्याने ते काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेने विकसित केली, हे नागपूरकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

आणि खर्रा! सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली ही पुडी वडिलांच्या खिशात रोज पाहणाऱ्या मुलाला ती वाईट वाटेनाशी होते. आजी मशेरी लावते म्हणून नातही लावते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. खर्ऱ्याची सवय तिने मोडली नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठर होते, तिखट झोंबू लागते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. असा आजार बाप-लेकांत दिसला, तर त्याचा दोष जनुकांवर टाकण्याआधी खिसे तपासलेले बरे.

पालकांच्या हाती बरेच काही आहे. पहिला दात येताच घासण्यास सुरुवात करावी. तीन वर्षांखालील मुलाला फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पुरते. जास्त फ्लोराइडच्या गावांत मात्र दंतवैद्याला विचारूनच ती वापरावी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा, कारण तोवर मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यातही सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दाढेकडे लक्ष हवे. ती कोणताही दात न पडता, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे गुपचूप उगवते; त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडल्यावर लक्षात येते. ती पक्की दाढ असते, आणि तिच्या जागी दुसरी येत नाही.