रातेंगारोची जमीन कुणाची?

इंडोनेशियाच्या सुंबा बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, कोडी भागात, वायहा नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी रातेंगारो हे गाव आहे. लांबून गावाची घरे दिसत नाहीत, दिसतात ती छपरे. गवताने शाकारलेली, मधोमध मनोऱ्यासारखी उंच चढत गेलेली. या छपरांखाली तीन मजल्यांचे जग असते. जोत्याखाली डुकरे, कोंबड्या, कधी घोडा. मधल्या बांबूच्या माचीवर माणसे आणि चूल. आणि वरच्या निमुळत्या पोकळीत पूर्वजांची ठेव आणि त्यांचा वास. चूल चार मुख्य खांबांच्या मधोमध पेटते आणि तिचा धूर छपरातूनच बाहेर पडतो. बाहेर पाऊल टाकले की समोर थडगी. जाडजूड दगडी पायांवर ठेवलेल्या प्रचंड शिळा, काही गावाच्या मधोमध, काही थेट किनाऱ्यालगत.

सुंबा हे बालीच्या पूर्वेला, चार-साडेचारशे किलोमीटरवर. क्षेत्रफळ साधारण ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा मोठे. बालीच्या देनपासार विमानतळावरून बेटाच्या पश्चिमेला तांबोलाका आणि पूर्वेला वायंगापू अशी दोन्हीकडे विमाने जातात. अंतर फार नाही, पण दोन बेटांत फरक मात्र मोठा आहे. बाली ज्वालामुखीच्या मातीवर वसलेले, सुंबा ज्वालामुखींच्या रांगेच्या बाहेर. इथे चुनखडीचे डोंगर आहेत. डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो, खडकात मुरून जातो, आणि उरलेले महिने विशेषतः पूर्वेकडची माळराने पिवळी पडून राहतात. मका, कसावा, थोडा भात, कोडीकडे काजू. इंडोनेशियाचा कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामला जातो आणि भारतातही येतो, त्यामुळे या कोरड्या बेटाशी आपले एक व्यापारी नाते आहेच. एकेकाळी सुंबाची ओळख चंदनाची होती. परदेशी व्यापाऱ्यांनी ती जंगले जवळजवळ संपवली. आता ‘सँडलवुड’ हे नाव उरले आहे ते इथल्या बुटक्या, चपळ घोड्यांच्या जातीला.

हे बेट ज्या प्रांतात येते तो पूर्व नुसा तेंगारा प्रांत इंडोनेशियातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी आहे. अनेक वस्त्यांत पाणी लांबून आणावे लागते, आणि ते काम बहुतेक बायका आणि मुलांच्या वाट्याला येते. हिवताप अजून गेलेला नाही. तरुण मुले-मुली कामासाठी बालीला, मलेशियाला जातात. आणि तरीही याच समाजात एका लग्नासाठी मुलीच्या घरी कित्येक घोडे आणि रेडे पोचते करावे लागतात, एका अंत्यविधीला रेड्यांची रांग कापली जाते. बाहेरच्या माणसाला ही उधळपट्टी वाटते. मला ती तशी वाटत नाही. बँकेत पैसा ठेवण्याची सवय नसलेल्या समाजात जनावर हीच ठेव आहे. आज तुम्ही माझ्या वडिलांच्या मयताला रेडा आणलात, तर उद्या तुमच्या घरच्या कार्याला तो मला परत करायचा आहे. त्याचा भार मात्र गरिबावर जास्त पडतो, कर्ज पिढ्यानुपिढ्या चालते, हेही तितकेच खरे.

या सगळ्याच्या मुळाशी मरापू आहेत: पूर्वज, त्यांचे आत्मे आणि त्यांच्यावरची श्रद्धा. सुंबातले बहुसंख्य लोक आज कागदोपत्री ख्रिस्ती असले तरी मरापू विधी सुटलेले नाहीत. या श्रद्धेला सरकारी ओळखपत्रावर जागा नव्हती. जन्मदाखला, शाळा अशा प्रत्येक ठिकाणी त्यामुळे अडत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने पारंपरिक श्रद्धांची नोंद ओळखपत्रावर करता येईल, असा निकाल दिला. त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरमध्ये, वायकाबुबाक शहरातले तारुंग हे मरापूंचे महत्त्वाचे गाव आगीत जळाले. गवताच्या छपरांना हा धोका कायमचाच आहे. अशी गावे जळतात आणि त्याच जागी पुन्हा उभी राहतात. जागा बदलण्याचा विचार सहसा होत नाही, कारण थडगी हलत नाहीत.

बालीतल्या जमिनीचे भाव चढत गेले तसे दलाल पूर्वेकडे वळले, आणि सुंबाची जाहिरात ‘पुढचे बाली’ अशी होऊ लागली. सुंबाच्या दक्षिण किनाऱ्यावर, वानोकाका भागात, निहिवातू या रिसॉर्टने हे बेट श्रीमंत पर्यटकांच्या नकाशावर आणले. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी एका अमेरिकी प्रवासी मासिकाच्या वाचकांनी त्याला जगातले सर्वोत्तम हॉटेल ठरवले. त्यानंतर समुद्र दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीकडे पाहण्याची नजर बदलली.

आपल्याकडे जमिनीचा विषय निघाला की सातबारा काढतात. सुंबात जमिनीवरचा हक्क आधी थडग्यावरून सांगितला जातो: आमचे आजे-पणजे इथे पुरले आहेत, म्हणून ही जमीन आमच्या कुळाची. पश्चिमेकडे कुळाला कबिसू म्हणतात. जमीन कबिसूची, हद्द ओढ्याने, झाडाने किंवा दगडाने ठरलेली, आणि तिची स्मृती वडीलधाऱ्यांच्या तोंडी. गेल्या काही वर्षांत सरकारने गावोगाव मोजणी करून मालकीची प्रमाणपत्रे देण्याची मोहीम चालवली आहे. तिच्यामुळे गरिबाच्या हाती कागद आला ही चांगली गोष्ट. पण प्रमाणपत्र एकाच्या नावावर होते आणि जमीन असते अनेकांची. कबिसूतला एक जण सही करतो, पैसे घेतो. शहरातून आलेला दुसरा भाऊ, विचारलेच नाही म्हणून चिडलेला काका, जमिनीत वाटा सांगणारे शेजारचे कबिसू नंतर उभे राहतात. सुंबातली जमिनीची भांडणे बहुधा इथून सुरू होतात.

जमिनीच्या भांडणांचे सर्वांत दुखरे उदाहरण लांबोया भागातल्या मारोसी किनाऱ्याचे. नव्वदच्या दशकात एका कंपनीने पर्यटनासाठी तिथे जमीन घेतली होती, आणि ती बरीच वर्षे तशीच पडून होती. एप्रिल २०१८ मध्ये मोजणीसाठी अधिकारी पोलीस बंदोबस्तात आले, गावकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यात गोळी लागून एका गावकऱ्याचा जीव गेला. त्या किनाऱ्याचे सुंदर फोटो पाहताना हे मी विसरू शकत नाही, आणि कुणी विसरू नये.

कायदा काय म्हणतो, तेही स्पष्ट आहे. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा. त्यानुसार पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला वारशाने अशी जमीन आली तरी वर्षाच्या आत ती सोडावी लागते. त्याच कायद्याचे कलम २६ आणखी कडक आहे: परकीयाला प्रत्यक्ष वा आडमार्गाने मालकी पोचवणारा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही. तरीही स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागे वेगळा करार करण्याचा उद्योग बालीत वर्षानुवर्षे चालला आणि आता सुंबातही शिरला आहे. इंडोनेशियात राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळू शकतो: ३० वर्षे, मग २०, मग पुन्हा ३०. किंवा भाडेपट्टा. परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर गुंतवणूक १० अब्ज रुपियांहून अधिक दाखवावी लागते, म्हणजे आपले साधारण पाच कोटी रुपये. शिवाय भरतीच्या कमाल रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. दलाल ज्या ‘समुद्राला लागून’ जागेची किंमत सांगतो, तिचा पुढचा भाग बांधकामाच्या कामाचा नसतो.

म्हणून सुंबात जमीन घ्यावी का, असे कुणी मला विचारले, तर माझे उत्तर नाही असेच आहे. कागद कच्चा आहे हे एक कारण. दुसरे, माझ्या मते मोठे कारण असे, की कोरड्या बेटावर किनारा आणि गोड्या पाण्याच्या जागा हीच काय ती गावाची पुंजी. ती एकदा कुंपणाआड गेली, की पुढच्या पिढीला तिथे हॉटेलातली नोकरी तेवढी उरते. जमीन कबिसूकडेच राहून भाडेपट्ट्याने दिली गेली, पाण्याचा आणि किनाऱ्यावर जाण्याचा हक्क करारात लिहिला गेला आणि मुदत संपल्यावर ती खरोखर परत आली, तर गावाला उत्पन्न मिळते आणि जमीनही राहते. सरकारने आणि गुंतवणूकदारांनी हाच रस्ता धरायला हवा.

पाहायला मात्र जरूर जावे. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कोडी, लांबोया, वानोकाका या भागांत पासोला होतो. घोडेस्वारांचे दोन पक्ष भरधाव दौडत एकमेकांवर बोथट लाकडी भाले फेकतात. दिवस ठरवतात ते राटो, म्हणजे मरापूचे पुरोहित; चंद्र पाहून आणि किनाऱ्यावर येणाऱ्या न्याले या समुद्री किड्यांवरून. किडे भरपूर आले तर पीक चांगले येणार, सांडलेल्या रक्ताने जमीन सुपीक होणार, अशी श्रद्धा आहे. तारीख आधीपासून पक्की मिळत नाही, तेव्हा दोन-चार दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढावे. पूर्वेकडे वायंगापूजवळच्या प्राइलिऊ गावात नीळ आणि बारतोंडीच्या मुळांच्या रंगात सूत रंगवून विणलेली इकत वस्त्रे मिळतात. एका वस्त्रामागे विणकर बाईचे कित्येक महिने असतात, म्हणून घासाघीस न करता तिच्याकडूनच विकत घ्यावे.

रातेंगारोत शिरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. पान-सुपारी सोबत न्या. पाहुण्याने ती पुढे करण्याची रीत तिथेही आहे. थडग्यांवर चढू नका, त्यांच्यावर बसून फोटो काढू नका. आणि किनाऱ्यावर कुणी जमिनीचा नकाशा घेऊन जवळ आला, तर त्या जमिनीवर कुणाची थडगी आहेत, एवढे त्याला विचारा.