फाटकापाशी दिलेली फांदी

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये एक रीत अद्याप टिकून आहे. सकाळी फिरावयास निघालेला गृहस्थ एखाद्या फाटकापाशी थबकतो, आतील जास्वंदीकडे पाहतो आणि घरमालकाला हाक मारतो. पाच मिनिटांचे बोलणे अर्धा-पाऊण तास चालते. परतताना त्याच्या हातात एखादी फांदी असते, कागदाच्या पुडीत थोडे बी असते आणि गुडघेदुखीवरचा एखादा रामबाण उपायही पदरात पडलेला असतो. फाटकाआडचा माळी जर डॉक्टर असला, तर मग विचारावयासच नको. लोक एका खिशातून ठिपके पडलेले पान काढतात आणि दुसऱ्या खिशातून रक्ततपासणीचा कागद! माझ्या फाटकापाशी गेली अनेक वर्षे अशी ही बिनफीची ओपीडी भरत आली आहे. तिने मला पुष्कळ शिकविले. त्यातील काही धडे महाग पडले. व्यवसायबंधूंच्या या स्मरणिकेत ते मांडावेत, असे वाटले.

पहिला धडा माझ्या लिंबाच्या झाडाने दिला. लावल्यापासून तिसऱ्या पावसाळ्यात त्याची पाने पिवळी पडू लागली. डॉक्टरी सवयीप्रमाणे रोगजंतू गृहीत धरून मी फवारणीस आरंभ केला. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी कोणीतरी सुचविले म्हणून प्रतिजैविकाची पूडसुद्धा. झाड अधिकच खंगले. शेवटी कृषी महाविद्यालयात उभी हयात माळीकाम केलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी पानाकडे पाहण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "साहेब, पिवळेपणा नव्या पानांवर आधी आला, की जुन्या?" मी निरुत्तर झालो. रुग्णाचा इतिहास न विचारता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरवर मी आयुष्यभर टीका केली होती आणि स्वतः तेच केले होते.

पिवळेपणा कोवळ्या पानांवर होता. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरविते, म्हणून तेथे जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह मात्र असे सहजी हलत नाही. मौज अशी की आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत लोहाची वाण नाही. परंतु ही माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असते, पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि अशा मातीतले लोह मुळांना घेता येत नाही. लोहाच्या गोळीवर लगेच कपभर चहा पिणाऱ्या आपल्या रुग्णभगिनीची जी गत, तीच या झाडाची. पुरवठा आहे, शोषण नाही. आळ्यातील तुंबलेल्या पाण्यास वाट करून दिली, माती थोडी उंचावली, कुजलेले खत घातले आणि सर्व फवारण्या बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात नवी पालवी हिरवी आली.

येथे इंदूरकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२४ साली सर आल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ या गावी आले आणि होळकर संस्थानाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वनस्पती संशोधन संस्थेत १९३१ पर्यंत त्यांनी काम केले. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलटून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची जी रीत त्यांनी बसविली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. रोग हा पुष्कळदा झाडाच्या बिघडलेल्या परिस्थितीचा निरोप असतो. निरोप्याला मारण्याआधी निरोप वाचावा, असा त्यांच्या विचाराचा मथितार्थ सांगता येईल. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य हा एकच विषय आहे, हेही हॉवर्ड यांनी आग्रहाने मांडले. ओला व सुका कचरा वेगळा करण्यात आज देशात नाव मिळविलेल्या या शहरातील प्रत्येक घराला ती परंपरा पुढे नेता येण्यासारखी आहे.

निदान नीट झाले म्हणजे घरच्या बागेत उपचार फारसे लागत नाहीत. जास्वंदीची पाने काजळल्यासारखी काळी दिसली, तर ती काजळी पुसत बसू नये. ती बुरशी मावा किंवा पिठ्या ढेकणाने टाकलेल्या गोड चिकट द्रवावर वाढते, आणि त्या गोडीसाठी मुंग्या या किडींची राखण करतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करावी, पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढावा, आणि गरज पडल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून सायंकाळी फवारावे. हिवाळ्यात गुलाबावर व वेलभाज्यांवर जी पांढरी भुरी येते, तिला पानावर पाणी साचण्याचीही गरज लागत नाही. कोरड्या दिवसांतही ती फोफावते. एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांची फवारणी तिच्यावर उपयोगी पडते, असे ब्राझीलमधील प्रयोगांत आढळले आणि ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. पावसाळी करप्यासाठी जुना बोर्डो मिश्रणाचा उपाय आहे. दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना वेगवेगळे विरघळवून लिटरभर द्रावण करावे, भांडे प्लास्टिकचे घ्यावे, त्याच दिवशी वापरावे. लोखंडी सुरीचे पाते त्यात बुडवून पाहावे. पात्यावर तांब्याचा लाल थर चढला, तर चुना अपुरा पडला असे समजावे. फ्रान्समधील बोर्डो येथे मियार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेला हा उपाय आजही कालबाह्य झालेला नाही.

मात्र प्रतिजैविके बागेत नकोत, हे मी माझा अपराध कबूल करूनच सांगतो. जे स्ट्रेप्टोमायसिन आपण क्षयरोगासाठी जपून वापरले, तेच झाडांवर शिंपडून जंतूंना त्याची ओळख करून देणे आपणा डॉक्टरांना तरी शोभत नाही. केंद्र सरकारनेही शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा वापर थांबविण्याचा मसुदा डिसेंबर २०२१ मध्ये काढला होता.

तसेच कीटकनाशक शीतपेयाच्या बाटलीत किंवा स्वयंपाकाच्या डब्यात कधीही ठेवू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले, आणि तेवीस मुले दगावली. फवारणीनंतर कोणास घाम, लाळ, उलट्या, धाप सुरू झाली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये, आणि औषधाच्या बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता दुसरा धडा. हा लिहिताना लेखणी अडखळते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना 'सर' म्हणते, मीही म्हणतो. शेवंतीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. एके दिवशी फाटकाशी उभे असताना माझ्या कुंडीतील एका झाडाकडे त्यांचे लक्ष गेले. लांबट, चक्राकार चढत जाणाऱ्या पानांचे ते झाड कॉस्टस जातीचे. मूळचे ब्राझीलचे, पण आपल्याकडे 'इन्सुलिनचे झाड' या नावाने घरोघर पोहोचलेले. "डॉक्टर, हेच का ते?" त्यांनी विचारले. मी हसून "हो, हेच," म्हटले आणि एक फांदी तोडून दिली. बस, एवढेच. देताना माझ्या मनात बागच होती, रुग्ण नव्हता.

चार महिने सर भेटले की पान कसे फुटले ते सांगत, आणि मी कौतुक करी. त्यांनी गोळ्या बंद केल्याचे मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहावयास ते आले नाहीत, तेव्हा मी घरी गेलो. पायाच्या अंगठ्याजवळ जखम होती. बागेत अनवाणी वावरताना काहीतरी टोचले होते, आणि बधिर पायाला ते कळले नव्हते. साखर चारशेच्या वर. जखमेवर कोरफडीचा गर बांधलेला. रुग्णालयात पाऊल वाचले, एक बोट गेले.

वहिनी रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "डॉक्टरांच्याच हातची फांदी, म्हणून यांना भरवसा वाटला हो." त्या वाक्याइतकी कठोर तपासणी माझ्या ज्ञानाची कोणत्याही परीक्षकाने केली नव्हती.

त्या झाडात इन्सुलिन नाही. असते, तरी तोंडावाटे घेतलेले इन्सुलिन पोटात इतर प्रथिनांप्रमाणे पचून गेले असते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्या पानांनी साखर काही प्रमाणात उतरल्याचे दिसले आहे, म्हणूनच गोळ्यांसोबत खातानाही डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते. पण चालू औषध सोडून त्यावर विसंबण्यास आधार नाही. हे सारे मी जाणत होतो. फांदीबरोबर ते दिले नाही, एवढेच.

या प्रसंगाने मी घरगुती उपायांचा शत्रू झालो, असे मात्र नव्हे. अडुळशातील वासिसिनच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिनसारखे आपले औषध आले. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, सर्दीत गवती चहा, जुलाबात लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, या गोष्टी आजीने सांगितल्या काय आणि आपण सांगितल्या काय, गुणकारीच आहेत. परंतु प्रत्येक उपायाला एक कुंपण असते, ते उपायासोबत सांगितले जात नाही. अडुळसा गरोदरपणी नको. मध एक वर्षाखालील बाळाला नको. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक निथळून न टाकल्यास जोराचे जुलाब होतात. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला, तर तो घोटभरही गिळू नये. त्यातील कुकुरबिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या व मृत्यूही ओढवले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी त्याविषयी स्पष्ट इशारा दिला होता.

गुळवेलीची कथा तर ताजीच आहे. २०२० च्या साथीत घरोघर काढे उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, अशी बाजू आयुष मंत्रालयाने मांडली. वाद बाजूस ठेवला, तरी दोन्ही पक्षांतून आपल्याला बोध एकच मिळतो. कुंपणावरची वेल कोणती, हे खात्रीने ठाऊक नसेल आणि यकृताची अवस्था ठाऊक नसेल, तर सहा-सहा महिने काढा पिणे हा उपाय नव्हे, साहस होय.

बागेतील आणि दवाखान्यातील नियम किती सारखे आहेत, पाहा! आधी पाहावे, मग विचारावे, मग हात लावावा. नवी कुंडी दोन आठवडे इतरांपासून दूर ठेवावी. एका वेळी एकच उपाय करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. किती दिवस वाट पाहावयाची, हे उपाय सुरू करतानाच ठरवावे. तीन दिवसांवर ताप, तीन आठवड्यांवर खोकला, न भरणारी जखम, डोळ्यांचा पिवळेपणा, या गोष्टी फाटकापाशी सोडविण्याच्या नव्हेत. आणि आपण डॉक्टरांनी रुग्णास "काही झाडपाला घेता का?" असे दरडावून विचारू नये. दरडावले, की उत्तर 'नाही' असेच येते. "बागेत काय काय लावले आहे?" असे विचारावे. मग तो आपण होऊन सारे सांगतो. सरांना हा एक प्रश्न मी वेळेवर विचारला असता, तर!

आज माझ्या फाटकापाशी एक वहीचा पुठ्ठा, दोऱ्याची रीळ आणि पेन टांगलेले असते. जी फांदी बाहेर जाते, तिला एक चिठ्ठी बांधलेली असते. झाडाचे नाव, पाणी किती, ऊन किती, आणि शेवटची ओळ: 'चालू औषध थांबवू नये.' ही कल्पना माझी नव्हे, सरांची आहे. बोट गेल्यावर पहिल्यांदा ते फाटकाशी आले, ते बंद बूट घालून आणि हातात शेवंतीचे रोप घेऊन. रोपाला त्यांच्या वळणदार अक्षरातील चिठ्ठी होती. ती माझ्या हाती देत ते म्हणाले, "डॉक्टर, शाळेत मी मुलांना सांगत असे, नुसते उत्तर लिहू नका, रीतही लिहा."

ते रोप यंदाही फुलले आहे.