वेबसाइट छान दिसते, पण ऑर्डर पोचते का?



दिवाळीच्या तोंडावर आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. "सर, ऑर्डरी येतायत, पण कुणाचा नंबरच येत नाहीये. फोन लावू कुणाला?"

मी वेबसाइट उघडली. फोटो छान, दर बरोबर. फॉर्म भरला, तर 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' असंही आलं. मग बिघडलं कुठे?

आदल्या आठवड्यात डिझायनरने पान नव्याने सजवलं होतं. ते करताना मोबाइल नंबरच्या चौकटीचं आतलं नाव त्याने 'फोन'चं 'मोबाइल' केलं. ऑर्डर नोंदवणारा प्रोग्राम मात्र अजून 'फोन'च शोधत होता. सापडलं नाही म्हणून त्याने तो रकाना मुकाट्याने रिकामा सोडला. ग्राहक लाडवांची वाट बघत बसले आणि ताई ग्राहकांच्या फोनची! चूक एका शब्दाची, नुकसान ऐन सीझनचं.

तुमच्या पानाला दोन वाचक असतात

वेबपान म्हणजे मजकूर आणि त्याभोवतीच्या खुणा. हे शीर्षक, हे बटण, ही नंबरची चौकट, असं त्या खुणा सांगतात. यालाच मार्कअप म्हणतात आणि ते एचटीएमएल या भाषेत लिहितात. ग्राहकाला त्यातलं बटण दिसतं, पण चौकटीचं आतलं नाव दिसत नाही. ते वाचतो पलीकडचा प्रोग्राम. म्हणजे एक वाचक माणूस, दुसरा मशीन. आपण पान डोळ्यांनी बघतो, त्यामुळे पहिल्याचीच काळजी घेतो.

शिवाय ब्राउझर फार समजूतदार असतो. खुणा चुकल्या तरी तो तक्रार करत नाही, अंदाजाने जुळवून पान दाखवतो. म्हणून 'दिसतंय ना नीट?' एवढं विचारून भागत नाही.

मग रोज कोण तपासणार?

तुम्ही नाही, प्रोग्राम तपासेल. याला ऑटोमेटेड टेस्ट म्हणतात. हा प्रोग्राम स्वतः ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, बटण दाबतो आणि पुढे काय झालं ते बघतो. सगळं ठीक असेल तर हिरवा निकाल, नाहीतर लाल. २००४ मध्ये सुरू झालेलं सेलेनियम आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट, ही दोन्ही टूल्स मोफत आहेत. खर्च होतो तो टेस्ट लिहिणाऱ्याच्या वेळेचा. म्हणूनच काय लिहून घ्यायचं हे मालकाला कळायला हवं.

इथे दोन चुका होतात

पहिली चूक: अख्खं पान जुन्या प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून बघणं. तुम्ही 'दिवाळी ऑफर' असा एक शब्द वाढवला की टेस्ट लाल. असं रोज व्हायला लागलं की कुणी लालकडे लक्षच देत नाही. खरा बिघाडही मग त्याच गर्दीत दडतो.

दुसरी चूक: 'तिसऱ्या कप्प्यातलं दुसरं बटण दाब' असं जागेवरून सांगणं. डिझायनरने कप्पे हलवले की टेस्ट बंद पडते, दुकान व्यवस्थित चालू असलं तरी!

तुमच्या डेव्हलपरकडून हे चार मागा

१. टेस्टने बटण ग्राहकासारखं शोधावं: 'ज्यावर ऑर्डर द्या असं लिहिलंय ते बटण'. रंग बदला, जागा बदला, टेस्ट टिकते. अंध ग्राहकांचा स्क्रीन रीडरही याच खुणांवरून बटण ओळखतो. म्हणजे एका कामात दोन फायदे.

२. चौकटींची आतली नावं पलीकडच्या प्रोग्रामला हवी तीच आहेत का, हे तपासावं.

३. टेस्टने 'धन्यवाद'वर थांबू नये. खोटी ऑर्डर टाकून ती नाव, नंबर आणि पत्त्यासकट वहीत उतरली का, ते बघावं. त्या ऑर्डरवर 'चाचणी' असा शिक्का हवा, नाहीतर तुम्ही दोन किलो चकल्या तळून बसाल!

४. पानावरचा दर आणि तुमच्या दरपत्रकातला दर एकच आहे का, हेही बघावं.

पान बदलताना प्रत्येक वेळी, बदल ग्राहकांना दिसायच्या आधी, ही टेस्ट चालली पाहिजे. लाल आली तर बदल थांबवायचा.

टेस्टचीच परीक्षा घ्या

हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. डेव्हलपर म्हणाला, "सगळं हिरवं आहे," तर त्याला सांगा, "आता माझ्यासमोर नंबरच्या चौकटीचं नाव चुकव." टेस्ट लाल झाली तरच ती कामाची. जी कधी लाल होतच नाही, ती राखण करत नाही, झोपलेली आहे. ताईंच्या फॉर्मवर आपण हेच करून पाहिलं. पहिली टेस्ट 'धन्यवाद' दिसल्यावर खूश होऊन हिरवी राहिली. तिसरा मुद्दा जोडला, तेव्हा कुठे ती लाल झाली.

या आठवड्याचं काम

डेव्हलपर नसला तरी आजच एवढं करा. घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून आपल्याच वेबसाइटवर एक ऑर्डर टाका आणि ती तुमच्यापर्यंत पूर्ण पोचते का बघा. मग डब्ल्यू थ्री सी या संस्थेच्या मोफत मार्कअप व्हॅलिडेटरमध्ये आपल्या पानाचा पत्ता टाका. खुणांमधल्या चुका तो ओळीच्या आकड्यासह दाखवतो. ती यादी डेव्हलपरकडे पाठवा. फक्त एक ध्यानात ठेवा: ताईंची चूक व्हॅलिडेटरला सापडली नसती. 'मोबाइल' हेही नाव भाषेच्या नियमात बसतंच. तुमचा व्यवसाय कोणत्या नावावर चालतो, ते तुमच्याच टेस्टला माहीत असतं.

दुकानाचं शटर रोज उघडतं का, हे आपण स्वतः बघतो. वेबसाइटचंही शटर असतं, मित्रांनो. फक्त ते आतून अडकतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!