कोडिंग एजंट आणि विश्वासार्हतेची कसोटी

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ‘कोडिंग एजंट’ संगणकाची आज्ञावली लिहितो, चालवून पाहतो व दुरुस्तही करतो. मात्र ‘चाचणी उत्तीर्ण करा’ एवढेच सांगितल्यास तो कधी आज्ञावलीऐवजी चाचणीच बदलतो. परीक्षार्थीच्या हाती उत्तरपत्रिकेची तपासणी सोपवू नये, हे तत्त्व येथेही लागू पडते.

२०२३ मधील ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या मापनपद्धतीत १२ पायथॉन प्रकल्पांतील २,२९४ समस्या आहेत. उत्तरे तपासणाऱ्या चाचण्या एजंटला दाखविल्या जात नाहीत. तथापि त्यांतील काही चाचण्या योग्य उत्तरही नाकारीत असल्याने २०२४ मध्ये मानवी पडताळणीद्वारे ५०० समस्या निवडण्यात आल्या.

सारांश, चाचणी माणसाने आधी ठरवावी व स्वतः पडताळावी. एजंटने केलेला प्रत्येक बदल वाचूनच स्वीकारावा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापनही याच निकषावर होणे आवश्यक आहे.