आगगाडी, घोडा आणि कर्नाळ्याचा सुळका

‘शोले’ म्हटलं की कर्नाटकातल्या रामनगरचे खडक आठवतात. पण जय-वीरू ज्या आगगाडीवर पहिल्यांदा दरोडेखोरांशी भिडतात, तिचं चित्रीकरण पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर झालं. तेवढ्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त काळ लागला. रामनगरला पर्यटक जातात. पनवेलचं नाव कुणी काढत नाही.

या आगगाडीची आजी १९०३ सालची. एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट, आणि गंमत म्हणजे पश्चिमेचा म्हणून गाजलेला हा दरोडा चित्रित झाला पूर्वेकडच्या न्यू जर्सीत. त्यातला एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे पाहत पिस्तूल झाडतो. कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा तुकडा सुरुवातीला लावायचा की शेवटी, हे खेळ दाखवणाऱ्यावर सोडलेलं होतं. मला विचाराल तर शेवटीच. सगळे दरोडेखोर मेल्यावर त्यातलाच एक पुन्हा उभा राहतो, ही खरी सिनेमाची जादू.

जुने वेस्टर्न आजही का बघवतात? कारण त्यांतला काळ फार मागचा नव्हता. बँकेवर दरोडा घालून तुरुंगात गेलेला एमेट डाल्टन सुटल्यावर सिनेमात स्वतःचीच भूमिका करत होता. नावाजलेला मार्शल वायट अर्प १९२९मध्ये लॉस एंजेलिसला वारला, तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत वेस्टर्नचा नट टॉम मिक्स होता. हा मिक्स भरजरी कपड्यांतला, नटवा. विल्यम एस. हार्ट त्याच्या अगदी उलट : मळका सदरा, दगडी चेहरा. मिक्स करमणूक करतो, पण लक्षात राहतो तो हार्ट.

मग १९३९चा जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’. त्यातली एकच उडी पाहा. स्टंटमन याकिमा कॅनट धावत्या गाडीच्या पुढच्या घोड्यांवर झेप घेतो, गोळी लागून घोड्यांच्या मधे लोंबकळतो, हात सोडतो, आणि घोडे व गाडी त्याच्या अंगावरून निघून जातात. हे सगळं खरं, हाडामांसाचं. आज संगणकावर शंभर घोडे धावतात आणि एकाचीही भीती वाटत नाही.

आपल्याकडे अशा उड्यांचं वेड काही कमी नव्हतं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या मास्टर विठ्ठलला लोक भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. पुढे १९३५मध्ये वाडियांच्या ‘हंटरवाली’त नादियानं चाबूक उचलला. घोडा होता, दरोडा होता, मारामारी होती. नव्हता तो आपला मुलूख. ही पोकळी मला पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याखाली उभं राहिलं की जास्त जाणवते.

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की आधी शिरढोण, मग कर्नाळा. अभयारण्यातली झाडी संपवून किल्ल्यावर पोचलात की समोर बसाल्टचा तो अंगठ्यासारखा सुळका उभा राहतो. पायथ्याला कोरलेली पाण्याची टाकी, वर मधमाश्यांची पोळी. मोठ्यानं बोलायचीही चोरी. फोर्डला मॉन्युमेंट व्हॅलीत लाल सुळके सापडले. आपला काळा आहे, एवढाच फरक.

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८७९मध्ये फडक्यांनी रामोशी, कोळी, धनगर गोळा करून इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारलं आणि त्यासाठी दरोडे घातले. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक याच पळस्प्याला दरोडा घालून गेले आणि परतीच्या वाटेवर चकमकीत पडले. सरकारनं फडक्यांवर इनाम लावलं, तर यांनी उलट गव्हर्नराच्या डोक्यावर इनाम जाहीर केलं. जुलैत मेजर डॅनियलनं त्यांना विजापूरकडे पकडलं. बिली द किड मेला १८८१मध्ये, जेसी जेम्स १८८२मध्ये. फडके एडनच्या तुरुंगात १८८३मध्ये. सगळे एकाच काळाचे.

फरक आहे तो इथेच. जुन्या वेस्टर्नमध्ये कायदा येतो तो सुखाचा म्हणून येतो, आणि मूळचे रहिवासी गोळी खाऊन घोड्यावरून पडण्यापुरते असतात. पळस्प्याची हकिगत हॉलिवूडनं त्या वेळी रंगवली असती, तर शेरीफ झाला असता मेजर डॅनियल, आणि टेकडीमागून ओरडत येणारे ‘इंडियन’ आपले रामोशी. हे एकदा लक्षात आलं की ‘स्टेजकोच’मधल्या अपाचींकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. तरी मी तो बघतो. कॅनटच्या उडीला तर अजूनही श्वास रोखला जातो.

फडक्यांवर आपल्याकडे चित्रपट निघाले : आधी विश्राम बेडेकरांचा, मग २००७मध्ये गजेंद्र अहिरे यांचा. आणखी कुणी करायला घेतला तर एवढीच विनंती : पहिली दहा मिनिटं कुणालाही बोलू देऊ नका. सुळका, घोडा आणि मे महिन्यातली पळस्प्याची धूळ एवढं पुरे.