लोणारच्या चिखलातील दुष्काळाची बखर

बुलढाणा जिल्ह्यात दुष्काळाची आठवण निघाली, की जाणती माणसे 1972 सालापाशी थांबतात. सरकारी नोंदी त्याहून मागे जातात खऱ्या. पण भारतीय हवामान खात्याची स्थापनाच मुळी 1875 सालची. याहून कितीतरी जुनी बखर याच जिल्ह्यात, लोणार सरोवराच्या तळाशी पडून आहे.

दख्खनचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या एकामागून एक आलेल्या लोटांनी घडला. दोन लोटांमधील विसाव्यात सखल जागी तळी साचली. त्यांचा गाळ पुढील लाव्ह्याखाली दबून चुनखडकाचे आणि पंकाश्माचे, म्हणजे दगड झालेल्या चिखलाचे, थर बनले. नागपूरजवळ टाकळी येथे एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना अशा थरांत गोड्या पाण्यातील शंख सापडले. तळे नाहीसे होते. त्याची नोंद मात्र उरते.

लोणारचे विवर याच पाषाणात पुष्कळ नंतर अशनीच्या आघाताने पडले आणि तेथे गाळ साचण्याचे काम आजही चालू आहे. तळातून काढलेल्या सुमारे 10 मीटर लांबीच्या गाळाच्या नमुन्यात जवळजवळ 11,000 वर्षांचा इतिहास मिळाला. पाणी आटून अतिखारट झाले, की सोडा व चुना यांच्या संयोगाने गेलुसाइटचे स्फटिक बनतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुमारे 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वी येथे दीर्घकाळ पाऊसमान मंदावले होते. त्याची साक्ष या स्फटिकांनी दिली.

‘ऐन-इ-अकबरी’त काच व साबण यांस लागणारे द्रव्य या सरोवरातून मिळते आणि त्याचे उत्पन्न मोठे आहे, अशी नोंद आहे. त्या काळी सरोवराचे मोल क्षारांवर ठरे. आज ते या थरांवर ठरावयास हवे. दुष्काळाला आपण अपघात मानतो, म्हणून आपले उपायही तात्पुरते असतात: टँकर, अनुदान, कर्जमाफी. परंतु अवर्षण हा या भूमीचा अपघात नसून स्वभाव आहे, असे हा चिखल सांगतो. तसे असेल, तर पिकांची निवड, विहिरींची खोली आणि भूजलाचा उपसा यांचा हिशेब चांगल्या पावसाच्या वर्षावर बेतणे ही दूरदृष्टी नव्हे. 2020 साली लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाण्याचे रक्षण होईल. त्याखालची बखर वाचून तिच्याप्रमाणे वागण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.